४२९४९६७२९७ आणि तिला गाठणारा ६४१

४२९४९६७२९७ ही संख्या वाचायची झाली तर चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. नुसती बघून काहीच कळत नाही, एखाद्याचा मोबाईल नंबर वाटावा अशी. शेवटी ७ आहे म्हणजे २ ने आणि ५ ने भाग जाणार नाही, आकड्यांची बेरीज ५९ येते म्हणजे ३ नेही नाही, मग ७ ने बघा, ११ ने बघा, १३, १७, १९... कुठेच जमत नाही. पन्नासेक भागाकार झाले की माणूस कंटाळतो आणि म्हणतो जाऊ दे, मूळ संख्याच असणार ही. (मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच निःशेष भाग न जाणारी. शाळेत झालेलं असतं, तरी आठवण करून दिलेली बरी.)

फर्मालाही ती मूळच वाटत होती. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस पेशाने कायद्याचा, गणित त्याचा छंद, पण संख्यांच्या बाबतीत त्याचा अंदाज सहसा चुकायचा नाही. इथे चुकला. आणि तो चुकला हे कळायला ९२ वर्षं लागली.

या संख्येला ६४१ ने भाग जातो. ६४१ ही लहानापासून मोजत आलात तर ११६ वी मूळ संख्या आहे, म्हणजे २, ३, ५, ७ असं आंधळेपणाने भागत बसलात तर ११६ व्या भागाकाराला उत्तर मिळतं. पण थोडं डोकं चालवलं तर पाचव्याच भागाकाराला मिळतं, आणखी थोडं चालवलं तर दुसऱ्या, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच. ११६ वरून १ वर कसं येतात तेच मला इथे सांगायचंय, बाकीचं सगळं जाता जाता.

पहिली गोष्ट म्हणजे ही संख्या आली कुठून. ती आहे २^३२ + १. (२^३२ म्हणजे ३२ वेळा २ लिहून सगळ्यांचा गुणाकार, पुढे सगळीकडे असंच लिहितोय.) २ चे घात घेऊन त्यात १ मिळवला तर मूळ संख्या कधी मिळते हा प्रश्न फर्मा १६४० च्या सुमारास बघत होता. आता २^१२ + १ घ्या, ४०९७. १२ म्हणजे ४ गुणिले ३, त्यामुळे ४०९७ ला १६^३ + १ असंही लिहिता येतं, आणि कुठल्याही संख्येचा घन अधिक १ केला की त्याला ‘ती संख्या अधिक १’ ने भाग जातोच, म्हणजे इथे १७ ने. झालं, ४०९७ = १७ × २४१. घातांकात ३ च्या जागी ५, ७, ९ असा कुठलाही विषम अवयव असला तरी हेच होतं. मग मूळ संख्या मिळायची काही आशा असेल तर घातांकात विषम अवयव नकोच, म्हणजे घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट दुप्पट होत जाणारेच हवेत.

ते घालून बघितलं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. पाचही मूळ! सहावी आपली ४२९४९६७२९७. फर्माने पत्रांमधून लिहून टाकलं की हे असंच पुढे चालत राहतं असं मला वाटतं, पक्की सिद्धता माझ्याकडे नाही. या माळेतल्या संख्यांना आता फर्मा संख्या म्हणतात आणि त्या ० पासून मोजतात, म्हणून ३ ही शून्यावी आणि आपली पाचवी. थोडं विचित्र वाटतं, पण प्रथा तशीच पडलीये.

पाच उदाहरणांवरून नियम बांधणं हे गणितात धोक्याचं, पण फर्माला दोष देताना एक लक्षात घ्या. एखादी संख्या मूळ आहे हे भागून भागून ठरवायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागतं. इथे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे, आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. हाताने सहा साडेसहा हजार भागाकार करायला कोण बसणार? (मुळात इतक्या मूळ संख्यांची यादी तरी हाताशी हवी.)

१७२९ च्या डिसेंबरमध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहून विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहितीये का. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. सुरुवातीला त्याने फारसा रस दाखवला नाही, नंतर मात्र प्रश्न डोक्यात बसला असणार, कारण १७३२ मध्ये त्याने सरळ सांगितलं, ६४१ ने भाग जातो. ६४१ पर्यंत कसा पोचलो ते त्याने नंतरच्या लेखात उलगडलं, आणि खरा माल तिथे आहे.

तर ते कारण बघू. कुठलीही विषम मूळ संख्या घ्या, समजा १७. आता २ चे घात एकामागून एक घेऊन १७ ने भागत जा आणि फक्त बाकी लिहा. २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ आणि मग परत २, ४, ८... म्हणजे बाक्यांचं चक्र फिरतं, आणि चक्राची लांबी इथे ८ आहे. नियम असा की चक्राची लांबी कितीही असली तरी मूळ संख्येतून १ वजा केला की येणाऱ्या संख्येला तिने भाग जातो. १७ वजा १ म्हणजे १६, त्याला ८ ने भाग जातो, बरोबर. हा नियम ज्यातून येतो त्याला फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतात. हो, त्याच फर्माचा, आणि १६४० मधलाच!

आता समजा एखादी मूळ संख्या प आपल्या २^३२ + १ ला भागते. याचा अर्थ २^३२ ला प ने भागलं की १ कमी पडतो, म्हणजे बाकी −१ धरायची. मग त्याचा वर्ग केला, २^६४, तर बाकी −१ गुणिले −१ म्हणजे १ येणार. म्हणजे ६४ व्या पायरीला चक्र नक्की १ वर येतं. चक्र त्याआधीच कधीतरी पूर्ण झालं असेल का? झालं असतं तर त्याची लांबी ६४ ला भागणारी असती, म्हणजे १, २, ४, ८, १६ किंवा ३२, आणि या सगळ्यांनी ३२ लाही भाग जातो, म्हणजे ३२ व्या पायरीलाही बाकी १ आली असती. पण तिथे तर −१ आहे. म्हणून चक्राची लांबी बरोब्बर ६४, आणि प वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

हे एकदा कळलं की मग शोधायचं काय उरतं. ६४ च्या पटीत १ मिळवलेल्या संख्या लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या मूळ नाहीत, त्या खोडा. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच भागाकार. पाचव्याला बाकी शून्य, आणि भागाकार ६७००४१७.

आता मला कायम पडणारा प्रश्न असा की फर्माने हे का केलं नाही? सिद्धांत त्याचाच, संख्या त्याचीच, काम अर्ध्या तासाचं. माझा आपला अंदाज की त्याने केलं असेल आणि कुठेतरी हातचा विसरला असेल. दहा आकडी संख्येला तीन आकडी संख्येने कागदावर भागताना हातचा सगळ्यांचाच विसरतो.

पाचावरून दोनावर यायची युक्ती १८७८ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दिली. त्याने दाखवलं की ६४ नाही, १२८ च्याच पटी बघायच्या. वरच्या युक्तिवादात आपण २ चं चक्र बघितलं होतं, तर ल्युकाचं म्हणणं असं की जिच्या वर्गाची बाकी २ येते अशी एखादी संख्या मिळाली तर तिचं चक्र दुप्पट लांब असणार. आणि अशी संख्या खरंच आहे, २^८ गुणिले (२^१६ − १), म्हणजे २५६ × ६५५३५ = १६७७६९६०. हिचा वर्ग केला तर २^१६ गुणिले (२^३२ − २^१७ + १) येतो. कंसात २^३२ + १ आहेच, ती आपली संख्या, बाकी काढताना ती गळते, उरतं −२^१७, त्याला बाहेरच्या २^१६ ने गुणलं की −२^३३, म्हणजे −२ गुणिले २^३२, आणि २^३२ ची बाकी −१ म्हणून उत्तर २. एवढं कळायला कागद घ्यावा लागतो हे कबूल, पण दोन ओळींचंच काम आहे, एकदा स्वतः करून बघा, मजा येते. तर या १६७७६९६० चा ६४ वा घात म्हणजे २^३२ सारखाच, बाकी −१, आणि १२८ व्या घाताला बाकी १. मघाचाच युक्तिवाद परत लावला की प वजा १ ला १२८ ने भाग जायला हवा.

आता यादी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त दोन, २५७ आणि ६४१.

आणि २५७ तर बघायचीच गरज नाही, कारण ती आधीची फर्मा संख्या आहे. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार करून बघा, ४२९४९६७२९५ येतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. त्यामुळे आपल्या संख्येला या पाचांपैकी कशानेही भागलं तरी बाकी २ उरते (३ ने भागलं तरी, ५ ने भागलं तरी). म्हणजे कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयवच नसतो. गोल्डबाखने यावरून मूळ संख्या अनंत आहेत याची एक छोटीशी सिद्धता काढली होती: फर्मा संख्या अनंत, प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, म्हणजे मूळ संख्याही अनंत. मला ही युक्लिडच्या सिद्धतेपेक्षा जास्त आवडते, पण ते जाऊ दे.

तर २५७ बाद, आणि पहिलाच खरा उमेदवार ६४१. एक भागाकार.

तोही करायचा कंटाळा असेल तर ६४१ ने भाग जातो हे जवळजवळ तोंडी दाखवता येतं. ६४१ ला दोन प्रकारे लिहा, एक ६४० + १, जिथे ६४० म्हणजे ५ × १२८, आणि दुसरं ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. आता २^३२ म्हणजे १६ × २^२८, आणि १६ च्या जागी ६४१ − ६२५ लिहिलं की ६४१ × २^२८ वजा ६२५ × २^२८. हा दुसरा भाग म्हणजे ५^४ गुणिले १२८^४, म्हणजेच ६४०^४. मग आपली संख्या झाली ६४१ × २^२८ − (६४०^४ − १). आणि ६४०^४ − १ चे तुकडे पडतात ६३९ × ६४१ × ४०९६०१ असे. दोन्हीकडे ६४१ आहे, बाहेर काढला की आत उरतं २६८४३५४५६ − २६१७३५०३९ = ६७००४१७. हे फार देखणं आहे, मान्य, पण ६४१ या मार्गाने सापडला नव्हता. उत्तर आधी हातात आलं आणि मग लोकांनी मागून येऊन असा सुंदर रस्ता बांधला. गणिताच्या पुस्तकात नुसती ही युक्ती दिली की विद्यार्थ्याला वाटतं हे कोणाला सुचणार बाबा, आणि ते बरोबरच आहे, कोणाला आधी सुचलंच नव्हतं.

मग ६७००४१७ चं काय, तिचे अजून तुकडे पडतात का? इथे वरची सगळी मेहनत परत कामी येते. तिचा कुठलाही मूळ अवयव आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून तोही १२८ च्या पटीत १ मिळवलेलाच हवा. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत अशा २० संख्या आहेत, त्यातल्या मूळ पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद आहेच. उरलेल्या चारांनी भागलं तर बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. संपलं, ६७००४१७ मूळ आहे. सात आकडी संख्या मूळ असल्याची खात्री चार भागाकारांत! नुसती सात आकडी संख्या हातात दिली असती तर शेकडो भागाकार लागले असते, इथे ती कुठून आली हे माहीत होतं म्हणून चारात भागलं.

म्हणजे ४२९४९६७२९७ चे भाजक मोजून चार, १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ म्हणजे ४२८८२६६२४०, जवळजवळ सगळ्याच. ६४१ बद्दल जाता जाता अजून एक, १०^१६ + १ लाही ६४१ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे १ भागिले ६४१ चा दशांश ३२ आकड्यांनी परत परत येतो. इथेही ३२! पण हा योगायोगच समजा, त्यात २^३२ चा हात नाही.

आता एक वेगळाच रस्ता, यात भागाकार अजिबात नाही. आपली संख्या म्हणजे ६५५३६^२ + १^२, दोन वर्गांची बेरीज. फर्माचंच अजून एक विधान आहे, ऑयलरने पुढे सिद्ध केलेलं: ४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येते, आणि ती एकाच प्रकारे. दुसरा प्रकार सापडला की संख्या मूळ नाही, विषय संपला. आणि इथे दुसरा प्रकार आहे:

६२२६४^२ + २०४४९^२

कॅल्क्युलेटरवर करून बघा, पहिला वर्ग ३८७६८०५६९६, दुसरा ४१८१६१६०१, बेरीज ४२९४९६७२९७. (२०४४९ स्वतःही वर्ग आहे, १४३ चा.) हे दोन प्रकार येतात कुठून तेही कळतं. ६४१ म्हणजे २५^२ + ४^२, आणि ६७००४१७ म्हणजे २५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला की उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येतं, आणि ते दोन प्रकारे लिहिता येतं. याहून व्यापक सूत्र ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच देऊन ठेवलंय. करायचं एवढंच की चार गुणाकार काढायचे: २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६, २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४. पहिल्या दोघांची बेरीज ६५५३६ आणि दुसऱ्या दोघांची वजाबाकी १, हा झाला एक प्रकार. उलट केलं, पहिल्यांची वजाबाकी ६२२६४ आणि दुसऱ्यांची बेरीज २०४४९, हा दुसरा. १०२२५ आणि १०२२४ लागोपाठ येतात म्हणून तर तो १ मिळतो. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सगळ्यात जास्त भावतो, कारण ६५५३६^२ + १ मधला तो एकुलता एक १ वरून किती साधा दिसतो आणि आत किती काही जमून आलेलं असतं.

अवयव न शोधताच मूळ नाही हे सिद्ध करायचा अजून एक मार्ग आहे आणि आजकाल कॉम्प्युटरवर त्याचेच भाऊबंद वापरतात. छोटा सिद्धांत म्हणतो, प मूळ असेल तर २ च्या (प वजा १) व्या घाताला बाकी १ यायलाच हवी. मग आपल्या संख्येवर ही टेस्ट लावून बघू. तिच्यातून १ वजा केला की २^३२, म्हणजे ६४ ची पट, आणि ६४ व्या घाताला बाकी १ येते हे वर बघितलंच, म्हणून इथेही १ येणार. म्हणजे टेस्ट पास! संख्या मूळ नसूनही पास! २ घेऊन केलेली ही टेस्ट प्रत्येक फर्मा संख्या पास होते, मूळ असो वा नसो, त्यामुळे तिचा इथे काडीचा उपयोग नाही. २ च्या जागी ३ घेतला की मात्र पितळ उघडं पडतं. ३ चा २^३२ वा घात घ्या, ऐकायला भयंकर वाटतं पण ३ पासून सुरू करून ३२ वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वेळी बाकी ठेवायची एवढंच, शेवटी बाकी येते ३०२९०२६१६०. यायला हवी होती १. म्हणजे मूळ नाही, आणि ६४१ चं नावही न घेता कळलं. १८७७ मध्ये पेपाँ या फ्रेंच गणितज्ञाने ३ ची हीच टेस्ट अजून धारदार केली: एक वर्ग कमी करून थांबा, बाकी −१ आली तर फर्मा संख्या नक्की मूळ, नाहीतर नक्की नाही. मधलं काही नाही.

आणि एवढं सगळं गणित ज्याला लागलंच नाही असा एक मुलगाही होऊन गेला. झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन पोरगा, १८१२ मध्ये आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये त्याचे तोंडी हिशोबाचे प्रयोग चालायचे, तिथे त्याला ही संख्या देऊन अवयव विचारले आणि त्याने ६४१ आणि ६७००४१७ सांगितले. लोक थक्क झाले. कसं केलं ते त्याला तेव्हा सांगता येत नव्हतं.

या संख्येचे शेजारीही प्रसिद्ध आहेत, तिच्याहून जास्तच. एक कमी केला की ४२९४९६७२९६ म्हणजे २^३२, कॉम्प्युटरच्या ३२ बिटमध्ये (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) एकूण इतक्याच वेगवेगळ्या संख्या बसतात, ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंत. जुन्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्याही हीच, म्हणून ते संपत आले. आपली संख्या ३२ बिटच्या खोक्यात मावतच नाही, कोंबली तर वरचा बिट गळून नुसता १ उरतो.

दोन कमी केले की ४२९४९६७२९५, वर बघितलेला पाच फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार. याचं महत्त्व भूमितीत. १७९६ मध्ये गाऊस या जर्मन गणितज्ञाने, वय अजून एकोणीसही पूर्ण नव्हतं, दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतो. पुढे नियम असा ठरला की बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी, तरच जमतं (जमतं हे गाऊसने दाखवलं, एरवी जमत नाही याची सिद्धता १८३७ मध्ये वाँझेलने दिली). आपल्याला माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच, म्हणून विषम बाजूंचा काढता येणारा सगळ्यात मोठा माहीत असलेला बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. काढायला कोणी बसलेलं नाही अर्थात, आणि काढला तरी तो वर्तुळापासून वेगळा ओळखू येणार नाही. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र नाहीच काढता येत, ६४१ मध्ये आला ना.

फर्माच्या माळेत पुढे काय झालं? पुढची १८४४६७४४०७३७०९५५१६१७, तीही मूळ नाही, २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१, १८८० मध्ये लाँद्रीने हे अवयव प्रसिद्ध केले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. तिच्यासाठी ल्युकाचा नियम २५६ च्या पटींचा, आणि २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ + १, बसतं बरोबर. तिच्या पुढची संख्या फुटायला १९७० उजाडलं. पाचव्यापासून बत्तिसाव्या फर्मा संख्येपर्यंत सगळ्या मूळ नाहीत हे आता पक्कं आहे, म्हणजे फर्माने ज्या पाच बघितल्या त्याच पाच मूळ, त्यानंतर आजवर एकही सापडलेली नाही, आणि असं कधीच सापडणार नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही.

यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येची गत तर अजूनच अजब आहे. पेपाँच्या टेस्टने १९८७ आणि १९९९ मध्ये कळलं की त्या मूळ नाहीत, पण त्यांचा एकही अवयव कोणाला माहीत नाही. आणि तेहतिसावी, जी लिहायला सुमारे २५८ कोटी आकडे लागतील, तिच्याबद्दल एवढंही कळलेलं नाही. तिच्यावर पेपाँची टेस्ट चालवायची तर तब्बल २५८ कोटी आकड्यांच्या संख्यांचे वर्ग करायचे, तेही आठशे कोटींहून जास्त वेळा, त्यामुळे तो नाद सोडून लोक ल्युकाचीच पद्धत वापरतात, २^३५ च्या पटी घ्यायच्या, १ मिळवायचा आणि भागून बघायचं.